वाचकांचे प्रश्न : रिस्क्रिप्ट, अध्यादेश आणि साफ प्रत

प्रश्न : ताई, नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी दुसऱ्या महायुद्धावर वाचत होतो. जपानच्या सम्राटाने ऑगस्ट १९४५मध्ये युद्ध थांबवण्याची जी घोषणा केली, तिला इंग्रजीत ‘इम्पीरियल रिस्क्रिप्ट’ म्हटलेलं दिसलं. घरातल्या एका कोशात या शब्दाचा अर्थ ‘राजाज्ञा’ सापडला, दुसऱ्यात ‘पुन्हा लिहिणे’. हुकूम सोडणं आणि पुन्हा लिहिणं या दोन गोष्टी एका शब्दात कशा आल्या? आणि मराठीत काय लिहू? (एक निवृत्त वाचक, बोरिवली)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. एकतीस वर्षं मी याच मुंबईत सरकारी कागदांचे अनुवाद केले. हा शब्द माझ्या टेबलावर दोनदाच आला. दोन्ही वेळा मी ‘राजाज्ञा’ लिहून पुढे गेले आणि दोन्ही वेळा काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागली. ते काय राहिलं, ते तुमच्या निमित्ताने सांगते.

शब्द लॅटिन आहे. ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणं. त्याच्या आधीच्या ‘रे’ला दोन अर्थ आहेत, ‘उलट’ आणि ‘पुन्हा’. उलट लिहिलं की उत्तर झालं, पुन्हा लिहिलं की पुनर्लेखन. तुमचे दोन्ही कोश बरोबर आहेत, पण ज्यातून ‘राजाज्ञा’ निघाली तो मधला ‘उत्तर’ हा अर्थ दोघांनीही गाळला आहे. रिस्क्रिप्ट म्हणजे मुळात राजाने आपणहून काढलेला हुकूम नव्हे. कोणीतरी आधी विचारलेलं असतं, त्याचं ते लेखी उत्तर.

रोमन सम्राटाकडे दोन वाटांनी प्रश्न येत. अधिकारी पत्र लिहीत, त्यांना सम्राट पत्रानेच उत्तर देई. प्लिनी हा बिथिनियाचा प्रांताधिकारी होता. ख्रिस्ती लोकांवरच्या तक्रारींचं काय करू, असं त्याने इसवी सन ११२च्या सुमारास सम्राट ट्रेजनला विचारलं. ट्रेजनने जे कळवलं त्यात एक गोष्ट होती, निनावी अर्ज घेऊ नका. आपल्या कार्यालयांत आजही हाच वाद चालतो.

दुसरी वाट साध्या माणसांची. त्यांनी अर्ज करायचा आणि त्याच कागदावर, अर्जाच्या खाली, उत्तर लिहून मिळायचं. त्या उत्तराला लॅटिनमध्ये ‘सुब्स्क्रिप्तिओ’ म्हणत, म्हणजे खाली लिहिलेलं. मंत्रालयात एखादा अर्ज घेऊन जो कधी उभा राहिला असेल, त्याला याचं मराठी सांगायला नको. शेरा! साहेबांनी अर्जावर मारलेला शेरा. फरक एवढाच, की रोममध्ये शेऱ्याखाली सम्राट स्वतःच्या हाताने ‘लिहिले’ असा एक शब्द लिही. मग अर्ज चारचौघांना दिसेल असा लावला जाई आणि ज्याचा त्याने येऊन नक्कल करून न्यायची. म्हणजे उलट लिहिणं आणि पुन्हा लिहिणं एकाच कागदावर घडत होतं.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं. आजच्या बल्गेरियात स्काप्तोपारा नावाचं गाव होतं. जवळच गरम पाण्याचे झरे होते आणि वर्षाला मोठी जत्रा भरे. (आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा.) त्यामुळे येणारेजाणारे सैनिक आणि अधिकारी गावात मुक्काम ठोकत, खाऊनपिऊन जात आणि दमडी देत नसत. वेठीला कंटाळून, आता गाव सोडायची वेळ आली आहे, असा अर्ज गावकऱ्यांनी सम्राट गॉर्डियनला केला. साल २३८. अर्ज रोमला पोचवला कोणी? त्यांच्याच गावचा, गावात जमीन असलेला एक शिपाई सम्राटाच्या पहाऱ्याच्या फौजेत होता, त्याने. मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्याच्या हाती गावाने अर्ज द्यावा आणि त्याने तो मंत्रालयात नेऊन द्यावा, अगदी तसं! मी गिरगावात वाढले. आमच्या मजल्यावर एका खोलीत कोकणातले बारा जण राहत, त्यांच्या ट्रंकांमध्ये कपड्यांखाली गावचे असे कागद असायचे. पाण्याचे, रस्त्याचे, एसटीच्या थांब्याचे. त्यातले काही मी शाळेत असताना त्यांना लिहून दिले आहेत. ‘सौ. बाईंच्या पोरीचं अक्षर चांगलं’ एवढंच माझं भांडवल.

स्काप्तोपाराला सम्राटाने काय उत्तर दिलं? दोन-तीन ओळींचं. अशी तक्रार आधी तुमच्या प्रांताधिकाऱ्यापुढे न्या, त्यासाठी राजाचं रिस्क्रिप्ट मागू नका. उत्तरात हा शब्दच आला आहे. आपल्या भाषेत, ‘अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग’. तरीही गावाने तो सगळा मजकूर दगडावर कोरून घेतला. स्वतःचा अर्ज ग्रीकमध्ये, वरून आलेलं उत्तर लॅटिनमध्ये, आणि ही नक्कल रोममध्ये ट्रेजनच्या स्नानगृहाच्या ओवरीत लावलेल्या अर्जांच्या वहीवरून ताडून घेतली आहे, असा दाखलाही. हातात काही पडलं नव्हतं. पण सम्राटाने उत्तर दिलं होतं, आणि गावाला ते पुसू द्यायचं नव्हतं.

‘राजाज्ञा’ या शब्दात हे गाव कुठेच दिसत नाही. माझी रुखरुख हीच होती.

आता जपान. तिथे हा शब्द इंग्रजी अनुवादकांनी नेऊन बसवला आहे. सम्राट मेइजीचा शिक्षणाबद्दलचा ३० ऑक्टोबर १८९०चा लेख जपानीत ‘चोकुगो’ आहे, १९४५चा ‘शोशो’ आहे. इंग्रजीत दोन्ही रिस्क्रिप्टच झाले. त्यांत कोणाचा अर्ज नाही, उत्तर नाही, सम्राट प्रजेला उद्देशून बोलतो आहे. एव्हाना इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पसरून ‘राजाचा लेखी हुकूम’ एवढाच उरला होता. म्हणून तुमच्या नातवाच्या वहीत ‘सम्राटाचं आज्ञापत्र’ किंवा ‘राजघोषणा’ लिहा, ते चुकीचं नाही.

पण त्याला हेही सांगा, की या घोषणेतही पुनर्लेखन आहे. मसुद्यात युद्धाची स्थिती दिवसेंदिवस बिघडते आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. युद्धमंत्री अनामी यांनी त्याला हरकत घेतली. भांडाभांडी होऊन ते बदललं गेलं आणि ‘युद्धाची स्थिती जपानला अनुकूल झाली आहेच असं नाही’ असं झालं. हिरोशिमा आणि नागासाकीनंतरचं हे वाक्य आहे. १४ ऑगस्टची तारीख पडली, रात्री सम्राटाच्या आवाजाची तबकडी तयार झाली आणि १५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता ती रेडिओवर लागली. पूर्ण मजकुरात ‘शरणागती’ हा शब्द नव्हता. भाषा दरबारी, जुनी. ऐकणाऱ्या अनेकांना आपण हरलो की आणखी लढायचं आहे, हेच उमगेना. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच न कळणारा हुकूम मी नोकरीत पुष्कळ पाहिला, पण याच्याइतका मोठा दुसरा नसेल.

राहिला मराठी शब्द. निवृत्त झाल्यावर कौटिल्याचं अर्थशास्त्र शांतपणे वाचलं. दुसऱ्या अधिकरणातला दहावा अध्याय आहे ‘शासनाधिकार’. इथे शासन म्हणजे सरकार नव्हे. शासन म्हणजे राजाचा लेख. ताम्रशासन म्हणतो ना आपण तांब्याच्या दानपत्राला, ते हेच. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या ११८७ सालच्या शिलालेखाच्या शेवटी मराठीत शाप आहे. जो कोणी हे ‘शासन लोपी’, म्हणजे हा लेख मोडील, त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा कोप होवो. आठशे वर्षांपूर्वी परळमध्ये शासन मोडणं म्हणजे दगडावरची अक्षरं मोडणं होतं. आज आपण कार्यालयाच्या पाटीवर ‘महाराष्ट्र शासन’ लिहितो. आज्ञेचं नाव आज्ञा करणाऱ्याला मिळालं.

तर त्या अध्यायात शासनांचे आठ प्रकार दिले आहेत आणि त्यांतला एक आहे ‘प्रतिलेख’. व्याख्या अशी : आलेला लेख नीट पाहावा, तो राजाला वाचून दाखवावा आणि मग राजा म्हणेल तसा प्रतिलेख करावा. हेच तर रिस्क्रिप्ट! आणि लॅटिनच्या ‘रे’चं सगळं काम आपला ‘प्रति’ करतो. प्रत्युत्तरात तो आहे. पत्राच्या माथ्यावर आपण ‘प्रति,’ लिहितो तिथे तो आहे. नक्कल म्हणजे ‘प्रत’, तिथेही तोच. ऐकलेलं किंवा वाचलेलं उतरवून काढण्याला आजही प्रतिलेखन म्हणतात. म्हणजे उत्तर आणि पुनर्लेखन हे दोन्ही अर्थ एका मराठी शब्दात मावतात. मला हे नोकरीत असताना माहीत असतं तर त्या दोन्ही कागदांवर मी ‘प्रतिलेख’ लिहिलं असतं.

वसई-वांद्र्याच्या वाचकांसाठी एक ओळ. कॅथलिक चर्चच्या कायद्यात रिस्क्रिप्ट आजही जिवंत आहे, आणि मूळच्या अर्थानेच. कोणी विनंती करतो, अधिकारी व्यक्ती लेखी सूट किंवा सवलत देते. तिथेही प्रतिलेख चालेल.

प्रश्न : आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत विकासकाच्या माणसाने एक कागद फडकवून ‘अध्यादेश निघाला आहे, आता सह्या कराव्याच लागतील’ असं सांगितलं. कागदावर ‘शासन निर्णय’ छापलं होतं. खाली ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असंही होतं. मग तो अध्यादेशच ना? (एक वाचक भगिनी, लालबाग)

उत्तर : नाही, बाई. हे घाईने सांगते आहे, कारण कोणाला सह्या करायच्या आहेत हे मला दिसतं आहे. वर्तमानपत्रं आणि वाहिन्याही मंत्रालयातून निघालेल्या प्रत्येक कागदाला अध्यादेश म्हणतात, आणि त्याची किंमत तुमच्यासारख्यांना मोजावी लागते.

अध्यादेश हा कायद्याच्या ताकदीचा असतो. राज्यात तो राज्यपाल काढतात, संविधानाच्या अनुच्छेद २१३खाली, विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना. अधिवेशन भरलं की तो सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. वर्षाकाठी असे मोजकेच निघतात.

शासन निर्णय, ज्याला सगळे ‘जीआर’ म्हणतात, हा प्रशासनाचा आदेश. एखाद्या विभागाने काय ठरवलं, पैसे कुठून द्यायचे, कोणी काय करायचं, हे त्यात असतं. असे रोज निघतात. तो कायद्याच्या चौकटीतच राहावा लागतो, त्याने कायदा बदलत नाही. ‘अधिसूचना’ त्याहून वेगळी, एखाद्या कायद्याने दिलेल्या अधिकारात निघते आणि राजपत्रात छापली जाते. ‘परिपत्रक’ म्हणजे आहे तेच कसं अमलात आणायचं याच्या सूचना.

आता त्या ओळीचं. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ मी हजारो वेळा लिहिली असेल. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, असं अनुच्छेद १६६ सांगतो, म्हणून ती येते. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. त्या ओळीखालची सही बघा, ती उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असेल.

सभेत तो कागद पुन्हा आला तर हातात घ्या आणि वरून वाचा. विषय, मग विभागाचं नाव, क्रमांक, तारीख. त्याखाली ‘वाचा’ असं लिहून आधीच्या कागदांची यादी असते. ती यादी सगळ्यात महत्त्वाची. नवा शासन निर्णय बहुतेक वेळा जुन्याचं पुनर्लेखन असतो, त्यामुळे काय बदललं हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शेवटी संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून कागद खरा आहे की नाही, हे मुलांकडून बघून घ्या. आणि कोणत्या कलमाने आमच्यावर सही करण्याची सक्ती होते, ते त्या माणसाला लेखी मागा. तुमचा अर्ज, त्याचं उत्तर. तोंडी ‘अध्यादेश’ ऐकून कोणीही सही करू नका.

प्रश्न : ‘फर्मान’ आणि ‘फर्मास’ यांचा काही संबंध आहे का? (अकरावीतला विद्यार्थी, परळ)

उत्तर : आहे, आणि तुझा कान छान आहे. फारसीत ‘फर्मूदन’ म्हणजे आज्ञा करणं. त्यातून फर्मान, आपलं ‘फर्मावणं’ आणि फर्माईश. फर्माईश करून, सांगून बनवलेली वस्तू चांगलीच असणार, म्हणून फर्मास. मुघल दरबारात फर्मान फक्त बादशहाचं. शहजाद्याने लिहिलं तर त्याला ‘निशान’ म्हणत. म्हणून कॉलेजच्या प्राचार्यांच्या सूचनेला फर्मान म्हणू नकोस, सूचनाच म्हण.

प्रश्न : मी फोर्टमध्ये एका वकिलांकडे टंकलेखन करते. दिवसभर दुसऱ्याचंच लिहिलेलं पुन्हा लिहायचं. याला ‘पुनर्लेखन’ म्हणावं का? घरचे म्हणतात, तू नुसती नकला करतेस. (एक वाचक, कळवा)

उत्तर : पुनर्लेखन म्हणजे मजकूर नव्याने रचणं. तुझ्या कामाला आमच्या वेळी ‘साफ प्रत काढणं’ म्हणत. मला तो शब्द पुनर्लेखनापेक्षा अधिक आवडतो. ‘नुसती नक्कल’ मात्र म्हणू देऊ नकोस.

अशोकाचे शिलालेख तुला माहीत असतील. त्यांतला एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२मध्ये सापडला. तू काम करतेस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो आहे, एकदा जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघ. गिरनारला याच लेखमालेतला चौदावा लेख आहे. त्यात सम्राट म्हणतो, की काही गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, कारण त्या अर्थाला गोडी आहे आणि लोकांनी तसं वागावं अशी इच्छा आहे. कौटिल्य पुनरुक्तीला लेखनाचा दोष मानतो, अशोक मात्र तिची कैफियत देतो आणि मला ती पटते. आणि पुढे म्हणतो, कुठे काही अपुरं राहिलं असेल तर त्याचं एक कारण ‘लिपिकरापराध’ असू शकेल. लिपिकराचा अपराध. साम्राज्याच्या आज्ञेत तुझ्यामाझ्यासारखीचा हात आहे, हे त्याने दगडावर कबूल केलं आहे.

माझ्या हातून असा अपराध झाला आहे. नोकरीला तिसरं वर्ष होतं. स्टेन्सिलवर टंकायचो आम्ही, चूक झाली की लाल रंगाचा द्राव लावून वाळेपर्यंत फुंकर मारायची. एका शिपायाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचं पत्र होतं. मसुद्यात नवऱ्याची सेवा ‘२६ वर्षे’ होती. अधिकाऱ्याच्या अक्षरात दोनाची शेपटी आखूड होती, मी १६ टंकलं. ताडून पाहायला जोडीला कोणी नव्हतं, संध्याकाळचे सहा वाजले होते, मला सहा वाजून बाराची गाडी पकडायची होती. मी एकटीनेच ताडलं, म्हणजे माझं मलाच वाचून दाखवलं. सही झाली, पत्र गेलं.

चार महिन्यांनी ती बाई विरारहून आली. दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं ते पत्र तिने टेबलावर उलगडलं. घड्यांवर कागद झिजला होता. भांडायला आली नव्हती. म्हणाली, “बाई, साहेबांचं लिहिलंय म्हणजे सोळाच असतील. माझंच मोजायचं चुकलं असेल. पण लग्नाला माझ्या चोवीस वर्षं झाली, आणि ते लग्नाआधीच कामाला लागले होते. तेवढं एकदा बघता का?”

मी फाइल काढली. २६ होते. तिच्यासमोर मसुदा ठेवला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. शुद्धिपत्र निघायला आणखी सात आठवडे गेले. ते मी स्वतः टंकलं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला समोर बसवून आकडा अक्षरी लिहिला, ‘२६ (सव्वीस) वर्षे’. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत एकही आकडा मी अक्षरी लिहिल्याशिवाय सोडला नाही, आणि एकही साफ प्रत एकटीने ताडली नाही.

तुझ्या वकिलांकडे ताडायला दुसरं माणूस देत नसतील तर मागून घे. एकीने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रतीवर बोट ठेवायचं. आकडे दोनदा.